अकराव्या ओळीचं उत्तर

शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडसमोर लागलेल्या फ्लेक्सवरचं विमान चुकीचं होतं. नायब सुभेदार अमरेश अण्णाराव बिराजदार छाती काढून उभा, आणि त्याच्या डोक्यावरून एक लढाऊ जेट धूर सोडत निघालेलं. खाली लाल अक्षरात, ‘१५ ऑगस्ट रोजी भव्य नागरी सत्कार’. फ्लेक्स लावला होता त्याच्या बापानं, किराणा दुकानाच्या अण्णारावांनी, आणि तो लागल्यापासून दुकानात गिऱ्हाईक कमी आणि अभिनंदन करणारे जास्त येत होते.

“आप्पा, हे इमान आमचं न्हाई,” अमरेश म्हणाला. “आमच्या इमानात माणूस बसत न्हाई.”

“आसू दे की. लांबून कोण बघतंय?”

अमरेशचं सगळं कामच लांबून होतं. फौजेत तो ज्या केबिनमध्ये बसायचा ती ट्रकवर चढवलेली एक लोखंडी खोली होती. खिडकी नाही. दोन खुर्च्या, समोर पडदे, आणि वर थंडगार हवा. डावीकडच्या खुर्चीतला माणूस विमान उडवायचा, उजवीकडचा कॅमेरा आणि क्षेपणास्त्रं सांभाळायचा. विमान दोनशे किलोमीटर लांब डोंगरावर घिरट्या घालत असायचं आणि हे दोघं मोजे घालून चहा पीत असायचे. अमरेशनं हे गावात सुरुवातीला चार जणांना समजावून सांगितलं होतं, पण लोकांना त्यात काही गंमत वाटेना, म्हणून त्यानं सोडून दिलं. आता अर्धं गाव समजून होतं की तो जेट उडवतो.

पण आपला हा गडी मान खाली घालून फिरत होता, तो काही चुकीच्या विमानापायी नाही.

त्याच दुपारी उमरीहून फोन आला.

“भाऊजी, मी ऋतुजा. दयानंदच्या घरून. तुम्ही सुट्टीवर आलाव म्हणं.”

दयानंद म्हणजे त्याचा डावीकडचा खुर्चीवाला. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा. दोन वर्षांपूर्वी विमान पडलं, चौकशी झाली, ठपका दयानंदवर आला. त्याला पडद्यासमोरून उठवून गोदामात बसवलं, आणि नोकरीची सतरा वर्षं भरल्यावर तो मुदत वाढवून न मागता घरी निघून आला.

“काय झालं, वयनी?”

“काय व्हयाचंय? माणूस सोतावर भरवसा ठिवंना झालाय. गॅस बंद केला का म्हणून रातच्याला तीनदा उठतेत. पोरीला गाडीवर घेऊन जाईनात. म्हणतेत, माझ्या हातनं काय इसरंल सांगता येत न्हाई. आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळालाय. ह्यांच्याइतकं कुणाला जमणार हाय? पर महिना झाला, तो कोठ्यात पडून हाय. गटातल्या बायका म्हणायल्यात, दुसऱ्या गावाला देऊन टाकू. भाऊजी, तुम्ही येऊन सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“हाव, येतो,” अमरेश म्हणाला.

हे ‘हाव’, म्हणजे होकार, त्याच्या तोंडातून असंच निघायचं, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत. फोन ठेवल्यावर मात्र आपण कशाला हो म्हणालो ते त्याला उमगलं. दयानंद का बिघडलाय हे अख्ख्या दुनियेत एकट्या अमरेशला माहीत होतं, आणि नेमकं त्यालाच औषध घेऊन बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो पूजेला बसला. गळ्यातल्या करडगीतून, त्या चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून त्यानं डाव्या तळहातावर घेतलं. आता या लिंगाकडे एकटक बघायचं, एवढंच काम. केबिनमध्ये सहा-सहा तास पडद्यावरून नजर न हलवणारा हा माणूस स्वतःच्या तळहाताकडे दोन मिनिटं बघू शकत नव्हता. दोन वर्षं असंच चाललं होतं. त्यानं घाईनं पाणी शिंपडलं, बेल वाहिला आणि उठला.

निघताना आईनं, नीलाबाईनं, स्टीलचा डबा पिशवीत घातला. “शेंगाची चटणी हाय. दयानंदला लई आवडती म्हणालतास न एकदा. तू तर आजकाल शिवतबी न्हाईस.”

नको म्हणायला त्याला काही कारण सापडलं नाही.

लातूरहून नांदेडची एसटी मिळाली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, दोन्ही बाजूंनी कमरेएवढं सोयाबीन, आणि अमरेशच्या मांडीवर तो डबा. उतरून कुठंतरी विसरून जावा असं त्याला दोनदा वाटलं. विमान पडलं त्या सकाळीही असाच डबा होता.

तुकडीचा तळ आदल्याच दिवशी हलला होता. सपाट मुलखातून डोंगराच्या कुशीत. तळ हलला की एक आकडा बदलावा लागतो. विमानाचा केबिनशी संपर्क तुटला तर ते आपोआप घराकडे वळतं, आणि वळताना किती उंचीवरून यायचं हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. सपाट जागेवर थोडी उंची पुरते. डोंगरात ती वाढवायलाच पाहिजे. म्हणून उड्डाणाआधी एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं प्रत्येक ओळीला पडद्यावरचं ते ते पान उघडून आकडा मोठ्यानं सांगायचा. नियमच होता तसा. पंजाबी असो, मद्रासी असो, सगळे आकडा सांगायचे. फक्त हे दोघे सांगत नसत. दयानंद वाचायचा आणि अमरेश म्हणायचा, “हाव.” परमुलखात, त्या बंद डब्यात, आपल्या गावची बोली बोलायला मिळते याचंच दोघांना अप्रूप. साहेबांनी एकदा हटकलं, तेव्हा आठ दिवस आकडे सांगितले, नवव्या दिवशी पुन्हा हाव.

त्या सकाळी आईचं पार्सल आलं होतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अमरेशची बोटं तेला-तिखटानं माखलेली होती. दयानंद वाचत होता. दहाव्या ओळीपर्यंतची पानं आधीच उघडून बघितलेली होती. अकरावी ओळ, परतीची उंची. पान उघडायचं तर पडद्याला बोट लावावं लागणार, बोट पुसावं लागणार, आणि फडकं मागच्या खुंटीला. इतकंच. त्याला वाटलं, रातच्या पाळीवाल्यांनी आकडा बदललाच असेल.

“हाव,” तो म्हणाला.

तासाभरानं विमान आपल्या गस्तीच्या पथकावर नजर ठेवून होतं. वर ते होतं म्हणून खाली ती पोरं चालत होती. मध्येच संपर्क तुटला. विमान शहाण्यासारखं घराकडे वळलं आणि जुन्या उंचीवरून येत सरळ कड्यावर आपटलं. खाली पथक आंधळं झालं आणि दबा धरून बसलेल्यांच्या तावडीत सापडलं. दोघं स्ट्रेचरवरून परत आले. त्यातल्या हिमाचलच्या एका पोराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, “उंची बघितली होती?” अमरेश म्हणाला, “बघितली होती, साहेब. आकडा नवा होता.” त्या केबिनमध्ये कोण कोणतं पान उघडतो याची नोंद राहत नव्हती. आवाजाची टेप होती, तिच्यात हाव होतं. मग साहेब दयानंदकडे वळले. यादीनंतर पडदा अडकला होता म्हणून दयानंदनं नकाशा एकदा नव्यानं भरला होता, ते त्यानं आपणहून सांगितलं. सगळ्यांना वाटलं, नकाशासोबत जुना आकडा परत आला असणार. नकाशा भरल्यानं तो आकडा बदलत नाही, हे त्या खोलीत फक्त अमरेशला ठाऊक होतं. मोठ्या कोर्सला तो एकटाच गेला होता. तो गप्प बसला. वरून दयानंदसाठी दोन गोड शब्दही बोलला, की माणूस मेहनती आहे, साहेब, त्याची पेन्शन जाऊ नये. याची त्याला आता जास्त शरम वाटत होती.

बसमध्ये त्यानं सांत्वनाचं एक बरंसं भाषण तयार केलं. मशीनचा काय भरवसा, झालं गेलं विसर, असं सगळं. उमरीला पोचेपर्यंत ते तोंडपाठ झालं होतं.

दारातच दयानंदच्या आईनं, साखराबाईनं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “आलास का, बाळा? तुझ्यामुळं वाचलाय माझा लेक. साहेबापुढं तू चार शबूद चांगले बोललास म्हणून पेन्शन तरी ऱ्हायलं. रोज दिवा लावताना तुझं नाव घिते मी.”

अमरेशला ओसरीत उभं राहवेना. साखराबाईनं डबा उघडला, भाकरी वाढली. दयानंद वाळला होता. दाढीत पांढरे केस दिसत होते, पण चटणी बघून त्याचे डोळे हसले. “तीच हाय की रे!” त्यानं भाकरीवर तेल ओतून घेतलं. “तू का घिईनास?”

“पित्त झालंय,” अमरेश म्हणाला.

जेवण झाल्यावर ऋतुजानं कोठ्यातून ड्रोन बाहेर काढायला लावला. सहा हातांचं ते यंत्र, पोटाला औषधाची टाकी. घरामागच्याच सोयाबीनवर चक्रीभुंग्याची कीड पडली होती. “भाऊजी हायेत तवर एक तरी चक्कर मारा,” ती म्हणाली. नवऱ्याच्या मागं लागायची तिची ती शेवटची खेप असावी. टाकी भरून, फवारा पाण्यात उडू नये म्हणून ती भांड्यांवर झाकणं घालायला शेताच्या दुसऱ्या टोकाला विहिरीकडे गेली.

बांधाजवळून विजेच्या तारा गेल्या होत्या. दयानंदनं खिशातून एक जाड कार्ड काढलं. त्यानं स्वतःच्या हातानं यादी लिहिली होती. अमरेशनं बघितलं, फौजेतल्यासारखीच, त्याच क्रमानं. रिमोट अमरेशच्या हातात देऊन तो वाचायला लागला. पंखे. टाकी. बॅटरी. अमरेश एकेक बघून सांगत गेला. दहाव्या ओळीनंतर दयानंदनं कार्ड डोळ्यांजवळ घेतलं.

“अकरा. परतीची उंची.”

अमरेशनं पान उघडलं. “तीस मीटर. तारांच्या वर हाय.”

“परत बघ.”

“तीस.”

“आणिक एकदा.”

“दया, तीस मीटर हाय रे!”

दयानंदनं कार्ड बांधावर ठेवलं. “तू बघून काय उपेग हाय, अमरेश? तवाबी तू बघूनच सांगितलतास. घाण म्या केली, मागनं.”

“मशीनचं काय सांगता येतंय,” अमरेशनं पाठ केलेलं भाषण काढलं. “झालं गेलं...”

“मशीन न्हाई चुकलं. म्या चुकलो. नकाशा भरल्यावर आकडा परत बघाया पायजे व्हता. दोन वरसं झाली, रोज डोळे मिटून ती बटणं दाबतो. बघितलो व्हतो का न्हाई, मला आठवंना. आठवंना म्हंजी काय रे? येडं व्हायलोय का मी? त्या हिमाचलच्या पोराला दर महिन्याला फोन लावतो. तो म्हणतो, छोडो भैया. त्याचं ठीक हाय. म्या कसं सोडू?”

अमरेशनं त्या पोराला एकदाही फोन केला नव्हता. त्याच्याकडे त्याचा नंबरसुद्धा नव्हता. भाषणातली पुढची वाक्यं त्यानं सोडून दिली. कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. मारणारा मात्र समोर उभा राहून त्याच्याकडेच माफी मागत होता.

“दया, नकाशा भरल्यानं तो आकडा बदलत न्हाई.”

“म्हंजी?”

“आकडा येगळ्या जागी ऱ्हातो. मोठ्या कोर्सात शिकवलं व्हतं.”

दयानंद एक पाऊल जवळ आला. “मंग जुना आकडा आला कुठून?”

“आला न्हाई. व्हताच तिथं. म्या पान उघडलंच नव्हतं. हात चटणीचे व्हते. तसंच हाव म्हणलो.”

दयानंद बांधावर बसला. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून तो बघायला लागला. मग त्यानं वर बघितलं. अमरेशनं शिव्यांची तयारी ठेवली होती, लाथेचीही. पण दयानंदच्या तोंडावर हसू फुटलं, लहान पोराच्या तोंडावर फुटावं तसं.

“म्हंजी म्या काईच इसरलो नव्हतो?”

“न्हाई.”

“ऋतुजा!” तो उठून विहिरीकडे तोंड करून ओरडला. “ऋतुजा, म्या नव्हतो इसरलो! आगं, माझं डोकं बराबर हाय!” आणि तो हसत होता, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता, आणि पुन्हा हसत होता. अमरेशनं त्या हसण्याकडे बघितलं आणि त्याला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. एका वाक्याचं काम होतं. दोन वर्षांत कधीही, फोनवरून सुद्धा, ते झालं असतं.

ऋतुजा पळत आली. आधी नवऱ्याचं हसू बघून तीही हसली. मग तो काय सांगतोय ते तिच्या ध्यानात आलं. तिनं अमरेशकडे एकदा बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिनं त्याला भाऊजी म्हटलं नाही.

दयानंदचं हसू हळूहळू ओसरलं. तो शांत झाला, फौजेतल्यासारखा ताठ उभा राहिला. हातात कार्ड नव्हतं, तरी त्यानं जुनी यादी तोंडानं म्हणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अमरेशला कळलं. तो प्रत्येक ओळीला त्या सकाळी जे खरं होतं ते सांगत गेला.

“अकरा. परतीची उंची. बघितली व्हती?”

“न्हाई.”

वाऱ्यानं सोयाबीन हललं. दयानंदनं मान डोलावली.

“हे साहेबापुढं सांगशील?”

“हाव.”

“तुझं हाव नगं मला,” दयानंद म्हणाला. आवाज चढला नव्हता. “लिहून दे. आत्ता.”

ऋतुजानं पेन आणलं. औषधाच्या खोक्यावर कार्ड पालथं ठेवून अमरेशनं लिहिलं. आपला नंबर, हुद्दा, तारीख, वेळ, आणि काय केलं नाही ते. चटणीचंही लिहिलं. खाली सही केली. दयानंदनं एकेक ओळ वाचून घेतली, मग फोटो काढायला लावला आणि समोर उभं राहून तो कमांडिंग साहेबांच्या नंबरवर अमरेशच्याच मोबाईलवरून पाठवायला लावला. पोचल्याच्या दोन खुणा उमटल्यावर त्यानं कार्ड खिशात घातलं.

“सरक बाजूला,” तो म्हणाला आणि त्याच्याजवळचा रिमोट उचलून ऋतुजापुढं धरला. “म्या म्हणतो, तू बघून आकडा सांग.” ती एकेक आकडा मोठ्यानं सांगत गेली. अकराव्या ओळीला तिनं तीस म्हटलं आणि दयानंदनं ते एकदाच विचारलं. मग त्यानं ड्रोन उडवला, तो तारांच्या अलीकडून वळला आणि सोयाबीनवर सरळ रेघेत औषध सोडत निघाला. अमरेश बांधावर एकटा उभा होता. त्याला कुणी जा म्हणालं नाही आणि थांबही म्हणालं नाही.

तो पिशवी घ्यायला घरी आला, तेव्हा ऋतुजा त्याच्या आधी पोचून आत सासूशी बोलली होती. साखराबाई दारात आली. तिच्या हातात डबा होता. तिनं तो त्याला दिला.

“आईला म्हणावं, चटणी चांगली व्हती,” ती म्हणाली. “तिचा काय दोष.”

तिनं दार लावून घेतलं.

शिरूरला तो दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. रात्र त्यानं नांदेडच्या बसस्टँडवर काढली होती. साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं, सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. बसस्टँडसमोर अण्णाराव कमरेवर हात ठेवून उभे होते आणि दोन माणसं शिडीवर चढून नवा फ्लेक्स ताणत होती.

“बघ, बदलून घेतलं,” अण्णाराव म्हणाले. “तू म्हणालास म्हणून. आता बराबर हाय न तुझं इमान?”

अमरेशनं वर बघितलं. लांब पंखांचं, बिनखिडकीचं, राखाडी विमान. अगदी बरोबर होतं. आता त्या फ्लेक्सवर फक्त माणूस चुकीचा राहिला होता.

“उतरवा, आप्पा,” तो म्हणाला. “घरी या, सांगतो.”

घरी नीलाबाईनं सवयीनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि डबा काढला. “काय दिलं रे साखराबाईनं?” तिनं झाकण उघडलं. डबा घासलेला होता, पुसलेला होता, आणि रिकामा होता. चिमूटभर साखर नाही, गुळाचा खडा नाही. आपल्याकडे कुणी कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाही. नीलाबाईनं उभ्या जन्मात तसा पाठवला नव्हता आणि तिच्याकडे तसा कधी आला नव्हता. तिनं तो उलटा करून बघितला, मग लेकाकडे बघितलं.

“अमरेश,” ती हळूच म्हणाली, “काय केलास तू त्या माणसाचं?”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि चटणीपासून सांगायला लागला.